कुओपिओची सरोवरे, मासे आणि पारा

पूर्व फिनलंडमधील सावो आणि उत्तर कारेलिया हे प्रांत जंगलांनी आणि सरोवरांनी व्यापलेले असून, राय नावाच्या काळपट धान्याची भाकरी, दूध, लोणी, डुकराचे मांस आणि सरोवरातील मासे हा तेथील शेतकऱ्यांचा व लाकूडतोड्यांचा आहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. फिनलंडमधील लहानमोठ्या सरोवरांची संख्या सुमारे १,८८,००० भरते. त्यामुळे समुद्रापासून दूर राहूनही या भागातील माणूस मत्स्याहारीच राहिला. सावो प्रांताचे मुख्य शहर कुओपिओ हे कालाकुक्को या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. रायच्या पिठाच्या जाड पारीत मुईक्कू हे लहान मासे किंवा पर्च मासे आणि त्यांच्या जोडीला डुकराच्या चरबीदार मांसाचे काप भरून, काटे मऊ पडेपर्यंत कित्येक तास मंद आचेवर भाजलेला हा गोळा शेतावर आणि रानात शिदोरी म्हणून नेला जाई. पुढे ज्यांच्यावरून वैद्यकात वाद माजले, ते मासे आणि ती चरबी एकाच पारीत बांधणारा हा पदार्थ हृदयविकाराच्या इतिहासकाराला फारच सोयीचा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशाचे नाव जगभर झाले ते मात्र पाककृतीमुळे नव्हे. अन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने चालविलेल्या सात देशांच्या अभ्यासात १९५९ पासून फिनलंडमधील पुरुषांची पाहणी सुरू झाली, तेव्हा पूर्व फिनलंडमधील पुरुष हृदयविकाराने मरण पावण्यात सर्वांच्या पुढे असल्याचे दिसून आले. रक्तवाहिनीच्या आतील अस्तराखाली मेद साचत जाऊन तिची भिंत जाड व कडक होणे, म्हणजेच धमनीकाठिण्य, हे या मृत्यूंचे मूळ होते. उत्तर कारेलियातील लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदत मागितल्यावर १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तेथे लोणी, मीठ आणि तंबाखू यांच्याविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि पुढील साडेतीन दशकांत कर्त्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. या मोहिमेत माशाला कोणी आरोपी मानले नव्हते. तो निर्दोषच नव्हे, तर उपकारक आहे असा समज त्याच सुमारास दृढ होत होता.

या समजाचा उगम ग्रीनलंडमध्ये होता. हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न ड्युअरबर्ग या डॅनिश डॉक्टरांनी १९७० मध्ये वायव्य ग्रीनलंडच्या उमानाक भागात जाऊन तेथील इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले आणि सील, व्हेल व मासे यांवर जगणाऱ्या या समाजाचे रक्त सहजी गोठत नाही, त्याचे कारण त्यांच्या आहारातील ओमेगा-३ ही मेदाम्ले असावीत, असे पुढील काही वर्षांत मांडले. इन्युइटांमधील हृदयविकाराचे प्रमाण मात्र त्यांनी स्वतः मोजलेले नव्हते. त्यासाठी ते सरकारी मृत्युनोंदींवर विसंबले होते, आणि २०१४ मध्ये याच उणिवेवर कॅनडातील अभ्यासकांनी बोट ठेवले. अर्धे जग माशाच्या तेलाच्या गोळ्या घेऊ लागल्यानंतर झालेली ही फेरतपासणी फारच उशिराची म्हणावी लागेल. मधल्या काळात, १९८५ मध्ये, नेदरलँड्समधील झुटफेन या गावच्या ८५२ पुरुषांची वीस वर्षांची नोंद डान क्रॉमहाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. रोज किमान ३० ग्रॅम मासे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू मासे न खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते.

दुसरीकडे पाऱ्याचा इतिहास स्वतंत्रपणे पुढे सरकत होता. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात समुद्रात गेलेल्या पाऱ्याने कोळ्यांच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि १९५६ मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. परंतु तेथे विष बाधले होते ते मज्जासंस्थेला, आणि तेही प्रचंड मात्रेत. रक्तवाहिन्यांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. उत्तर युरोपातील धोका मंद व अदृश्य होता. गनेल वेस्ट्यो यांनी १९६६ मध्ये स्वीडनच्या माशांत मिथाइल-पारा, म्हणजे कार्बनशी जोडला गेलेला आणि म्हणूनच शरीरात सहज शोषला जाणारा पारा, असल्याचे दाखविले. पाण्याच्या तळच्या गाळातील सूक्ष्मजंतू साध्या पाऱ्याचे असे रूपांतर करतात, हे येन्सेन आणि येर्नेलोव्ह यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले. फिनलंडच्या कागद-लगद्याच्या गिरण्यांत यंत्रांवर बुळबुळीत थर धरू नये म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत पाऱ्याची संयुगे वापरली जात. शिवाय दूरवरच्या धुराड्यांतून हवेवाटे आलेला पारा जंगलातील कुजलेल्या पाल्याच्या थरात मुरून हळूहळू तपकिरी, आम्लधर्मी सरोवरांत झिरपत राहिला. लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांच्या अंगी तो साठत जातो आणि पाईकसारख्या शिकारी, दीर्घायुषी माशात सर्वाधिक होतो. कोकणच्या किनाऱ्यावरील मासे याच हिशेबाने लावले, तर तारली व बांगडा खालच्या पायरीवर आणि सुरमई व मुशी वरच्या पायऱ्यांवर येतात. हा पारा मांसातील प्रथिनांना चिकटून असल्यामुळे मासा धुतल्याने, सोलल्याने किंवा तळल्याने तो जात नाही.

हे दोन्ही प्रवाह कुओपिओत एकत्र आले. तेथील विद्यापीठात १९८४ पासून पुरुषांच्या हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास चालू होता. शरीरात गेलेला पारा केसांत उतरत असल्याने आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत असल्याने केसांच्या बटेवरून गेल्या काही महिन्यांचा हिशेब लावता येतो. ही पद्धत तेथील संशोधकांनी वापरली. युक्का सालोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ४२ ते ६० वयाच्या १,८३३ पुरुषांविषयीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांच्या केसांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅम किंवा अधिक पारा होता, त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका इतरांच्या दुप्पट होता. आणि रोज किमान ३० ग्रॅम मासे खाणाऱ्यांचा धोकाही, कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, तितकाच वाढलेला होता. झुटफेनमध्ये जीव वाचविणारे तीस ग्रॅम कुओपिओत घातक ठरत होते. सरोवरातील दुबळ्या, म्हणजे चरबी कमी असलेल्या, माशांतून उपकारक मेदाम्ले थोडी आणि पारा अधिक मिळत असल्यामुळे असे होत असावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे २००० मध्ये मानेतील धमनीची सोनोग्राफी करून तिच्या भिंतीची जाडी मोजण्यात आली, तेव्हा केसांत पारा अधिक असणाऱ्यांची भिंत अधिक वेगाने जाड होत असल्याचे दिसले. पारा शरीरातील गंधकयुक्त संरक्षक द्रव्यांना बांधून टाकतो, त्यामुळे रक्तातील मेदाचे ऑक्सिडीकरण वाढते आणि असा बिघडलेला मेद धमनीच्या अस्तराखाली साचतो, अशी त्याची उपपत्ती देण्यात आली.

हा निष्कर्ष निर्विवाद राहिला नाही. एकाच प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय साप्ताहिकाच्या २००२ मधील एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. युरोप व इस्रायलमधील पाहणीने पाऱ्याला दोषी ठरविले, तर अमेरिकेतील पाहणीला तसे काही आढळले नाही, आणि २०११ मधील आणखी मोठ्या अमेरिकी पाहणीनेही तोच नकार दिला. या विरोधाचे एक संभाव्य उत्तर फिनलंडच्या मातीत आहे. पाऱ्याला निष्प्रभ करणारे मानले जाणारे सेलेनियम हे मूलद्रव्य तेथील मातीत इतके कमी होते, की १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने देशभरातील रासायनिक खतांत ते मिसळण्यास सुरुवात केली. कुओपिओच्या अभ्यासातील पुरुषांचे आयुष्य मुख्यतः त्याआधीच्या, सेलेनियम कमी असलेल्या अन्नावर गेले होते. त्याच पुरुषांच्या रक्तातील मेदाम्ले मोजणाऱ्या २००० मधील निबंधाने वादाला खरी दिशा दिली, असे मानणे योग्य ठरेल: माशातून येणारी मेदाम्ले रक्तात सर्वाधिक असणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी होता, आणि केसांतील पारा कमी असेल तर हा लाभ आणखी मोठा होता. मासा उपकारक की अपायकारक, हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरला. कोणत्या पाण्यातला आणि कोणत्या जातीचा मासा, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

फिनलंडच्या अन्न प्राधिकरणाचा आजचा सल्ला याच भेदावर उभा आहे: आठवड्यातून किमान दोनदा, जाती बदलत मासे खावेत, मुले, तरुण आणि मूल होण्याच्या वयातील माणसांनी पाईक महिन्यातून एकदा-दोनदाच खावा, आणि गर्भवती व स्तनदा स्त्रियांनी तो मुळीच खाऊ नये.