मुलांचा अग्निबाण

१९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतील मुले घरीच नळीत दारू ठासून अग्निबाण उडविण्याच्या नादी अधिकच लागली. कुणाची बोटे गेली, कुणाचे प्राण.

या अनर्थावरचा उपाय नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या पादत्राणांच्या व्यापाऱ्याने १९५४ सालीच नकळत घडविला होता : कागदी नळी, हलके लाकडी पंख, सुखरूप उतरण्यास हवाई छत्री आणि दर उड्डाणास बदलावयाची दारूची तयार कांडी. व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र-तळावर काम केलेल्या हॅरी स्टाइन यांनी त्याचे मोल जाणले व नियम घालून दिले : दारू स्वतः कालवू नये, अंग धातूचे नसावे, ठिणगी दुरून, विजेनेच द्यावी.

नुसत्या बंदीने ती मुले थांबली नसती. शिस्तीने त्यांचे हात राखले, आणि कुतूहलही.