दोनशे पावसाळे : चर्चच्या इमारती, चुना आणि गवंड्याचे हात

इतिहासाच्या पुस्तकात इमारतीला बहुधा एकच तारीख असते, ती बांधली गेल्याची. पुण्याच्या लष्कर भागातले सेंट मेरीज चर्च घ्या. बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते १८२५ मध्ये या चर्चचा अर्पणविधी झाला, एवढे वाचून आपण पान उलटतो. पण त्यानंतर या इमारतीवर दोनशे पावसाळे कोसळले. ती कोणी बांधली, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे : ती टिकवली कोणी आणि कशी? या लेखात आपण या दुसऱ्या प्रश्नाकडे पाहू.

पुण्यात चर्चच्या जुन्या इमारती बऱ्याच आहेत. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ मध्ये मिळालेल्या जागेवर उभे राहिले. गुरुवार पेठेतले पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय १८८५ चे. याच मिशनमध्ये १८९० साली टिळक, रानडे आदी मंडळी चहा प्यायली आणि त्यावरून शहरात मोठे वादळ उठले, हे आपण शिकवतो. तिथला सुमारे १३० फूट उंचीचा घंटेचा मनोरा मात्र आपल्या धड्यात येत नाही.

चुन्याचे चक्र

इमारतीचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. पुण्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, फार घट्ट असतो. पाणी त्याच्यातून सहसा शिरत नाही, ते शिरते दोन दगडांमधल्या सांध्यांतून, म्हणजे दरजांतून. त्यामुळे दगडी भिंतीची देखभाल म्हणजे मुख्यतः दरजांची देखभाल.

या दरजा भरल्या जात चुन्याने. शनिवारवाड्यासाठी (१७३०-३२) चुना जेजुरीच्या बाजूने आला, दगड चिंचवडचा आणि सागवान जुन्नरचे, हे प्रसिद्ध आहे. वाडा असो, देऊळ असो की चर्च, चुना मळण्याची विद्या तीच होती. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने घेतले ते १८२४ मध्ये, सेंट मेरीजच्या अर्पणविधीच्या जेमतेम एक वर्ष आधी. तेव्हा त्या भिंतींच्या मूळ बांधकामात सिमेंट असण्याचा प्रश्नच येत नाही.

चुन्याचे रसायनशास्त्र आठवी-नववीच्या मुलांनाही समजेल. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की १०० किलोंतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, उकळतो आणि १८ किलो पाणी धरून ७४ किलो विरवलेला चुना होतो. हा चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. म्हणजे भट्टीतून निघालेला दगड भिंतीत जाऊन पुन्हा दगड होतो! मात्र या शेवटच्या पायरीला घाई चालत नाही. चुना पातळ थरांत लावावा लागतो, दाबून घोटावा लागतो आणि कित्येक दिवस ओलसर ठेवावा लागतो. एकदम जाड थर दिला तर वरची साल कडक होते, आतला चुना मऊच राहतो.

या कामाला कष्ट किती पडत! चुना आणि वाळू बैलांच्या घाणीत दळायची, लागेल तिथे विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळायची, गूळपाणी किंवा हिरड्याचे पाणी घालायचे, मग थापीने बडवायचे. ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. तो हातांची कातडी खातो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टीही जाऊ शकते.

श्रमाचे गणित

आता उंचीकडे वळू. घराच्या दुरुस्तीपेक्षा चर्चची दुरुस्ती अवघड असते, कारण मधे मजले नसतात. जमिनीपासून छतापर्यंत एकच पोकळी. समजा, असे छत १२ मीटर उंच आहे. तिथून निसटलेला माणूस जमिनीवर येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर होतो. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. बल्ल्या, बांबू आणि सुंभ यांची परांची बांधणाऱ्याची गाठ किती मोलाची असते, ते त्यातून कळते.

पंचहौदच्या मनोऱ्याएवढी, म्हणजे ४० मीटर, चढण घेऊ. ६० किलो वजनाचा कामगार २० किलोचे घमेले घेऊन वर चढला तर गुरुत्वाविरुद्ध सुमारे ३१ किलोज्यूल कार्य होते. अशा वीस खेपा झाल्या तर ते ६३० किलोज्यूल, म्हणजे दीडशे किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्साच अशा कार्यात बदलू शकतात. तेव्हा केवळ चढण्यासाठी साडेसातशे किलोकॅलरी, म्हणजे पाचेक भाकऱ्या खर्ची पडतात. उंचीवरचा माल कप्पी आणि दोराने चढवतात तो याचसाठी.

पण खरी गंमत पुढे आहे. डोक्यावरच्या कमानीला गिलावा करणारा गवंडी हात वर धरून, मान मागे टाकून उभा असतो. हाताचे विस्थापन जवळजवळ शून्य, म्हणून पदार्थविज्ञानाच्या व्याख्येनुसार कार्यही जवळजवळ शून्य. तरीही तो अर्ध्या तासात घामाघूम होतो. सतत आकसलेल्या स्नायूत रक्तपुरवठा दबतो, ऊर्जा खर्च होत राहते आणि हात भरून येतात. पुस्तकातले 'कार्य' आणि माणसाचे 'काम' यांत फरक आहे, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

बळाइतकेच कसबही लागते. जाणता गवंडी गिलाव्यावर लाकडी मुठीने ठोकत जातो. भरीव जागा टणक वाजते, भिंतीपासून सुटलेली जागा बद वाजते. कानाने केलेली ही तपासणीच आहे. गळती शोधणेही तसेच. आत ओल दिसते तिथेच वर भोक असेल असे नाही, कारण पाणी वाशावरून वाहत जाऊन भलतीकडे टपकते.

वैशाखातली शाकारणी

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि मंगळुरी कौले पश्चिम भारतभर पसरली. असे एक कौल साधारण अडीच किलोचे असते आणि एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौले लागतात. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३७ किलो. तीनशे चौरस मीटरच्या छपरावर ११ टनांहून अधिक भार! पावसाआधी छप्पर शाकारायचे, म्हणजे फुटकी कौले काढायची, सरकलेली नीट बसवायची, पन्हळी साफ करायच्या. कौलांवर चालताना पाय कुठे द्यायचा हे कळावे लागते : खाली रीप असेल तिथेच. हे ज्ञान पायाच्या तळव्यात असते, पुस्तकात नसते.

मनोऱ्यातल्या घंटेचीही अशीच देखभाल. पंचहौदच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. घंटा उलटी करून पूर्ण वर्तुळात फिरवून वाजवली, तर खालच्या टोकाला येताना ती आपल्या वजनाच्या जवळजवळ चौपट भार टाकते. शिवाय ती आडव्या दिशेनेही मनोऱ्याला हिसके देते. म्हणून अशा घंटांच्या चौकटीचे बोल्ट कसणे, टेकूंना वंगण देणे, दोर तपासणे ही कामे टाळता येत नाहीत.

हात थांबतात तेव्हा

देखभाल थांबली तर काय होते ते जुन्या गोव्यात दिसते. सेंट ऑगस्टीनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला. अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, चर्चचे कमानदार छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा उरलेला भाग एकटा उभा आहे.

तिथून जवळच असलेल्या, १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जीझस बॅसिलिकेची कथा वेगळी आहे. तिच्या भिंती जांभ्या दगडाच्या. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, इमारत 'प्राचीन' दिसावी म्हणून, हा गिलावा बाहेरून काढून टाकला गेला. तेव्हापासून कोकणचा पाऊस थेट जांभ्यावर पडतो आणि दगड झिजत आहे. गिलावा पुन्हा करावा, अशी मागणी अलीकडच्या वर्षांत जाहीरपणे होत आली आहे.

या उदाहरणातून देखभालीचे मुख्य सूत्र हाती येते. गिलावा आणि दरजा झिजण्यासाठीच असतात. स्वतः झिजून त्या दगडाला वाचवतात. म्हणून दुरुस्तीचा माल मूळ दगडापेक्षा मऊ हवा आणि ठरावीक काळाने नवा करायला हवा.

आपण नेमके उलट केले. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे सिमेंट गल्लोगल्ली मिळू लागले. ते लवकर आवळते, दळावे-मळावे लागत नाही, कष्ट वाचतात. गवंड्याने ते उचलले यात त्याचा दोष नाही. पण जुन्या भिंतीत सिमेंटची दरज भरली, की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ओल मग वीट किंवा दगडातून बाहेर पडू पाहते, तिच्याबरोबरचे क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक बनतात आणि दगडाचेच पापुद्रे काढतात. दरज शाबूत, दगड गेला!

आज जुन्या इमारतींसाठी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो. ज्या कामाला रसायनशास्त्र, स्थितिशास्त्र आणि तल्लख कान लागतो, त्याला आपण बिगारीच्या पंक्तीत बसवले. कोनशिलेवर बिशपचे किंवा गव्हर्नरचे नाव कोरले जाते, शाकारणाऱ्याचे नाही. कसबाला मान आणि मोल मिळाले नाही, तर ते पुढच्या पिढीत उतरत नाही.

शिक्षकांनी एक करावे. गावातले जुने देऊळ, मशीद, चर्च किंवा वाडा मुलांना दाखवावा. दरजा चुन्याच्या की सिमेंटच्या, ओल कुठवर चढली आहे, पन्हळीचे पाणी कुठे जाते, हे त्यांना टिपू द्यावे. आणि त्या इमारतीचे काम केलेला एखादा वृद्ध गवंडी असेल, तर त्याला वर्गात बोलवावे. तो जे सांगेल ते मुलांनी लिहून घ्यावे. तोही इतिहासच आहे.