झायलिटॉल : एका गोड पदार्थाचा इतिहास आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

साखरेला पर्याय म्हणून वापरल्या जाणाऱ्या पदार्थांमध्ये झायलिटॉलचे स्थान वेगळे आहे. पाच कार्बन अणूंचे हे शर्करा-अल्कोहोल साखरेइतकेच गोड असते. मात्र साखरेच्या एका ग्रॅमपासून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर झायलिटॉलपासून सुमारे २.४. ‘दातांचे रक्षण करणारी साखर’ ही त्याची ख्याती कशी निर्माण झाली आणि ती कितपत टिकून राहिली, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोध आणि आख्यायिका

दुसऱ्या महायुद्धातील साखरटंचाईमुळे फिनलंडमध्ये झायलिटॉलचा शोध लागला, असे पुष्कळदा सांगितले जाते. कालक्रम पाहता हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. हा पदार्थ प्रथम तयार झाला तो १८९१ मध्ये. जर्मनीत एमिल फिशर यांनी आणि फ्रान्समध्ये बर्त्राँ यांनी तो स्वतंत्रपणे मिळविला. शर्करांवरील कार्यासाठी फिशर यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक लाभले. पण त्या काळी झायलिटॉल हा केवळ प्रयोगशाळेतील पाक होता. शुद्ध स्फटिकरूपात तो १९४० च्या दशकात हाती आला. मानवी शरीरातही चयापचयात तो अल्प प्रमाणात तयार होतो, हे त्यानंतर स्पष्ट झाले. त्याच्या चयापचयास प्रारंभी इन्सुलिनची गरज नसल्यामुळे जपान, जर्मनी व सोव्हिएत संघात मधुमेहींच्या आहारात त्याचा वापर झाला.

तुर्कूचा प्रयोग

या पदार्थास नवी ओळख मिळाली ती फिनलंडमधील तुर्कू येथे. विद्यापीठातील आर्ये शेइनिन व काउको माकिनेन यांनी १९७२ ते १९७४ या काळात १२५ व्यक्तींवर सुमारे दोन वर्षे आहारविषयक प्रयोग केला. ३५ जणांच्या आहारात नेहमीची साखर, ३८ जणांच्या आहारात फ्रुक्टोज आणि ५२ जणांच्या आहारात झायलिटॉल होते. झायलिटॉल गटात दातांची नवी कीड ८५ टक्क्यांहून अधिक कमी आढळली. दंतक्षयास कारणीभूत ठरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जिवाणूला झायलिटॉलपासून आम्ल तयार करता येत नाही, हे यामागील मुख्य कारण होय.

निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी फिनिश साखर कंपनीने कोत्का येथे औद्योगिक उत्पादन सुरू केले आणि झायलिटॉलयुक्त च्युइंगगम बाजारात आले. बर्च, म्हणजे भूर्जवर्गीय वृक्षांच्या लाकडातील झायलान या घटकापासून झायलोज मिळवून निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचे हायड्रोजनीकरण केले जाई. जंगलसंपत्ती, साखर उद्योग आणि दंतवैद्यक यांचा हा संगम त्या देशाच्या परिस्थितीतूनच घडला.

फेरतपासणी

तुर्कूच्या प्रयोगातील गटविभागणी यादृच्छिक नव्हती आणि तेथे जवळजवळ संपूर्ण आहारातील साखरच बदलण्यात आली होती. दिवसातून काही गोळ्या चघळण्याशी त्याची तुलना करणे योग्य नव्हे. अमेरिकेत ६९१ प्रौढांवर ३३ महिने झालेल्या यादृच्छिक चाचणीत (२०१३) झायलिटॉलच्या गोळ्यांमुळे कीड सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसली. संख्याशास्त्रीयदृष्ट्या हा फरक लक्षणीय नव्हता. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात १० अभ्यास व ५९०३ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टमध्ये झायलिटॉल मिसळल्यास मुलांमधील कीड १३ टक्क्यांनी कमी होऊ शकते, एवढेच त्यातून निघाले आणि तो पुरावाही कमी दर्जाचा ठरविण्यात आला.

सुरक्षिततेबाबतही मते बदलत गेली. १९८३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने दैनंदिन सेवनास संख्यात्मक मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे ठरविले. २०२४ मध्ये क्लीव्हलँड येथील संशोधकांनी रक्तातील झायलिटॉलचे अधिक प्रमाण व हृदयविकाराचा धोका यांचा संबंध दाखविला. शरीर स्वतःही झायलिटॉल तयार करीत असल्याने या संबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि प्रश्न पुन्हा खुला झाला आहे. कुत्र्यांना मात्र हा पदार्थ अल्प मात्रेतही घातक ठरतो, याविषयी दुमत नाही.

समारोप

उसाच्या चोथ्यातही झायलान असते. महाराष्ट्रातील साखर कारखाने हे बगॅस मुख्यतः बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज मिळवितात. त्यापासून झायलिटॉल तयार करण्याचे संशोधन भारतात झाले आहे, आणि म्हणूनच हा इतिहास आपल्यालाही दूरचा नाही. उपपदार्थाला मूल्य मिळवून देणारा उद्योग स्वागतार्हच होय. परंतु कच्च्या मालाची उपलब्धता हा आरोग्यविषयक दाव्याचा पुरावा नव्हे. १२५ व्यक्तींवरील प्रयोगाने एक मौलिक शक्यता दाखविली. तिला सर्वकालीन सत्याचे रूप दिले ते पुढील काळातील प्रचाराने. ही दोन कार्ये वेगळी ओळखण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना देणे, ही विज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांची समान जबाबदारी आहे.