खळ्यातील बरण्या : एक वस्तुपाठ

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढे आयुष्यभर गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून जुने कागद गोळा केले. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले; तेथील राजवाडे संशोधन मंडळ हे त्या ध्यासाचे खानदेशातील स्मारक होय. कागदाला साधन मानण्याची शिस्त आपल्याला लागली ती अशा माणसांमुळे. भांड्यांच्या बाबतीत मात्र ती अजून लागलेली नाही. पाचोऱ्याच्या परिसरात जुने खळे मोडून पक्के बांधकाम होते, तेव्हा कडब्याच्या आडून, तुटक्या वखर-पाभरींच्या शेजारून धुळीने माखलेल्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या बाहेर येतात. त्या भंगारात तरी जातात, नाहीतर 'पुरातन' म्हणून दिवाणखान्यात. या दोन्ही वाटांनी एक साधन मुके होते, असे आम्हांस वाटते.

पहिली अडचण नावाची. या भांड्यांना आपण सरसकट 'चिनी माती' म्हणतो. वास्तविक चिनी माती म्हणजे केओलिन, पोर्सिलेनचा आधार. बरणीची माती बहुधा वेगळी, भरड असते. सुमारे १,२०० अंश सेल्सियसच्या वर भाजल्यावर ती घट्ट होते आणि पाणी शोषत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे. फुटक्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवावा. साध्या खापरात तो जिरतो, येथे टिकतो. उजेडासमोर धरल्यास पातळ पोर्सिलेनमधून प्रकाश झिरपतो, येथे नाही. टिचकी मारल्यावर खणखणीत नाद आला तर भांडे धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

नावाचा हा घोटाळा जुनाच. हिंदी-उर्दूत बरणीला 'मर्तबान' म्हणतात. ते ब्रह्मदेशातील बंदराचे नाव. त्या नावाने विकले गेलेले सर्व रांजण तेथे घडलेले नव्हते. कित्येक दक्षिण चीनमधून आले होते. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता खारवलेले आले, मिरी, लिंबू व आंबे भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख करतो. म्हणजे लोणचे आणि बरणी यांचे नाते निदान सहा-साडेसहा शतकांचे. त्यामागचे कारणही उघड आहे. मीठ आणि आंबट यांनी तांब्या-पितळेचे भांडे कळकते, खापरातून खार पाझरतो. हे भांडे दोन्ही दोषांतून मुक्त.

मग खळ्यातील बरणी कोणत्या कुळातली? उत्तर तिच्या झिलईत आणि बुडाशी असते. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत असेल, तर भट्टीत मीठ टाकून आणलेली ती झिलई. वर तपकिरी, खाली पांढुरकी अशी दुरंगी, गुळगुळीत बरणी असेल, तर तिचा वंश ब्रिस्टलपर्यंत जातो. तेथे १८३५ च्या सुमारास विल्यम पॉवेलने अशी झिलई रूढ केली. बुडाशी 'इंग्लंड' हा शब्द असल्यास वस्तू ढोबळमानाने १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या कायद्याने तेव्हापासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. 'रॉयल डौल्टन' हा शिक्का १९०१ पूर्वीचा असू शकत नाही. मुंबई-भुसावळ लोहमार्ग १८६० च्या दशकात झाला. त्या वाटेने असा माल पाचोऱ्याला पोचणे अवघड नव्हते.

परंतु बहुतेक बरण्या इतक्या दूरच्या नसतात. परशुराम गणपुले या मराठी माणसाने सौराष्ट्रात थानगढ-मोरबी भागात मातीकामाचा उद्योग उभारला. अशा देशी कारखान्यांतून दुरंगी बरण्या प्रचंड संख्येने निघाल्या, आजही निघतात. म्हणून केवळ रंगरूपावरून बरणीला शंभर वर्षांची ठरवणे हे लिपीचे वळण पाहून पोथीचा शक ठरवण्याइतकेच धाडसाचे. पोथीला पुष्पिका असते, बरणीला शिक्का. दोन्ही नसतील तर निर्णय राखून ठेवावा.

आता मोलाविषयी. अखंड कडा, मूळ झाकण आणि सुवाच्य शिक्का असेल तर बाजारात किंमत चढते. निव्वळ वयाने चढत नाही. कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. आणि भांडे कोठारात नव्हे, जमिनीत द्रव्यासह पुरलेले सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

तथापि आमच्या दृष्टीने खरे मोल तिसरेच. बरणी कोणत्या खळ्यात, कशाशेजारी, कोणाच्या वापरात होती. तिच्यात कैरी मुरत होती की तूप राहत होते. तिला दादरा कोण बांधी, हे सांगणारी पिढी आज थकली आहे. बरणी घासूनपुसून चकचकीत करण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे, बुडाचा शिक्का उतरवावा आणि घरातल्या आजीला विचारून चार ओळी लिहून ठेवाव्यात. एवढ्या चार ओळींनी भांड्याचे साधन होते. त्या नसतील, तर उरते ती फक्त जुनी बरणी.