पाठ्यपुस्तकातला चौकोन कुठून आला?

 

कोपऱ्यावरच्या बकाल्यातून लबन आणि खुबूस घेतलं की जी पावती हातात पडते, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. सौदीत डिसेंबर २०२१ पासून इलेक्ट्रॉनिक बिलं सक्तीची झाली आणि हा चौकोन रोजचाच झाला. आता आपण त्याच्याकडे बघतही नाही. असाच एक चौकोन तुमच्या घरातही असण्याची शक्यता आहे. सुट्टीहून परतताना लोणचं, मेतकूट आणि कपड्यांच्या वजनात कसंबसं बसवून आणलेलं बालभारतीचं मराठीचं पुस्तक कपाटातून काढा. पहिल्या पानावर एक क्यूआर कोड दिसेल आणि पुढे धड्याधड्याला एकेक. आजच्या भागात या चौकोनाची गोष्ट सांगायची आहे, कारण पुस्तकात तो शिरला त्यामागे सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाचं काम होतं.

आधी चौकोनाचं मूळ. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी हा कोड तयार केला. बारकोडमध्ये मावत नव्हती एवढी माहिती त्यात मावू लागली. शाळेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो संबंध पुढे जोडला गेला, आणि तो कसा जोडला गेला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्यापैकी जे चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांना 'बालचित्रवाणी' हा शब्द ऐकला की दूरदर्शनचा संच आठवेल. इन्सॅट उपग्रहाच्या कार्यक्रमात देशातल्या सहा राज्यांत शैक्षणिक चित्रफिती बनवणाऱ्या संस्था काढल्या गेल्या. महाराष्ट्राची संस्था १९८४ साली पुण्यात सुरू झाली. त्याआधीपासून आकाशवाणीवर शाळांसाठी कार्यक्रम असायचेच. बालचित्रवाणीचे कार्यक्रम कष्टाने केलेले असत, भाषा स्वच्छ असे, विषय मुलांचे असत. अडचण वेगळीच होती. कार्यक्रम लागायचा ठरलेल्या वेळी. तेव्हा वर्ग त्या धड्यापर्यंत पोचलेला असो वा नसो, वीज असो वा नसो. एखादी गोष्ट कळली नाही म्हणून 'जरा मागे घ्या' म्हणायची सोय नव्हती. आणि संचाशेजारी उभे असलेले गुरुजी, ज्यांना कुठल्या मुलाचं कुठे अडतं हे पक्कं ठाऊक होतं, त्यांना त्या वीस मिनिटांत काही कामच नव्हतं. पुढे वाहिन्या वाढल्या, निधी आटला आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. ज्या वर्षी ती बंद झाली, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने सगळ्या इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं. हा योगायोग असेल, पण मला तो बोलका वाटतो.

आता चला माढा तालुक्यात. परितेवाडी. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. २००९ मध्ये तिथे रणजितसिंह डिसले नावाचे एकवीस वर्षांचे शिक्षक रुजू झाले. मूळचे बार्शीचे. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, वडिलांच्या सांगण्यावरून डी.एड. केलेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे इंजिनिअरिंग सुटलेल्या मुलाकडे बघायची नजर कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

ग्लोबल टीचर प्राइझ देणाऱ्या वार्की फाउंडेशनने नंतर जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यानुसार शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार. मुली शाळेत फारशा येत नसत, लहान वयात लग्नं होत. आणि पुस्तकाची भाषा मुलींच्या घरच्या भाषेशी जुळत नव्हती, कारण त्यांची भाषा कन्नड होती. सोलापूर जिल्हा माहीत असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी उर्दू अशा भाषा त्या भागात एकमेकींत मिसळून राहतात.

डिसले यांनी पहिल्यांदा काय केलं? कोड नाही बनवला. त्याच माहितीनुसार ते गावात राहायला गेले, कन्नड शिकले आणि पहिली ते चौथीच्या पुस्तकांची फेरमांडणी मुलांना कळेल अशी केली. चौकोन आला तो त्यानंतर. पुस्तकात चिकटवलेल्या कोडवर पालकाचा फोन धरला की कवितेचा आवाज, धड्याचं चित्रण, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडायचा. ज्या मुलीला शेतातल्या कामामुळे वा घरच्या अडचणीमुळे शाळा चुकली, तिला गुरुजींचा धडा संध्याकाळी घरी ऐकता यायचा. बालचित्रवाणीला जमलं नव्हतं ते इथे साधलं. धडा मुलाच्या वेळेला मिळत होता, हवा तेवढ्या वेळा मिळत होता आणि त्याच्यामागे मुलांना ओळखणारा माणूस होता.

शाळेचा प्रयोग राज्याकडे गेला, राज्याने आधी चाचणी घेतली, मग २०१७ ची घोषणा झाली. २०१८ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड येतील असं सांगितलं. म्हणजे इथे सीबीएसईच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या गणित-विज्ञानाच्या पुस्तकांतले चौकोन त्याच वाटेवरचे.

३ डिसेंबर २०२० ला लंडनमधून ऑनलाइन झालेल्या सोहळ्यात स्टीफन फ्राय यांनी डिसले यांचं नाव पुकारलं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, १४० हून अधिक देशांतून बारा हजारांवर अर्ज-नामांकनं. डिसले यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटणार. या पुरस्काराचे सुरुवातीच्या काही वर्षांचे सोहळे आपल्या शेजारच्या दुबईतच झाले होते. संस्थापक सनी वार्की हे केरळातून आखातात आलेल्या शिक्षकांच्या घरातले. तेव्हा या गोष्टीत आखाताचाही धागा आहे. नंतर मात्र सगळं गोडच झालं असं नाही. रजेवरून त्यांचा आणि जिल्हा परिषद प्रशासनाचा वाद झाला आणि २०२२ मध्ये राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेल्याच्या बातम्या आल्या. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायला आपण इथे बसलेलो नाही.

परितेवाडीचं नाव जगभर झालं, पण त्या दशकात महाराष्ट्रात असं काम करणारे डिसले एकटे नव्हते. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या वस्तीवरच्या शाळेत संदीप गुंड यांनी सौरऊर्जेवर चालणारा डिजिटल वर्ग उभा केला, आणि तो बघून राज्यभरातल्या गावांनी लोकवर्गणी काढून आपापल्या शाळेत प्रोजेक्टर आणि पडदे आणले. ऊस गेल्यावर, सोयाबीन विकल्यावर वर्गणी देणारी गावं! सरकारी शाळेसाठी गावाने खिशात हात घालणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

आणि सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्याबरोबर शिक्षकांनी ज्ञानरचनावादाच्या वाटेने वर्ग बदलले. वर्गात गेलात तर फरशीवर रंगाने आखलेले तक्ते, खडे, बिया, काड्यांचे गठ्ठे आणि त्याभोवती मांडी घालून बसलेली मुलं. दहाचा गठ्ठा मुलाने स्वतः बांधला की दशक म्हणजे काय ते वेगळं समजावावं लागत नाही. राज्यभरातून हजारो शिक्षक ते बघायला कुमठ्याला गेले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय निघाला, त्या काळातली ही हवा होती. माझ्या मते डिजिटल शाळेची गोष्ट सांगताना कुमठे वगळलं तर अर्धा इतिहास हरवतो. गुंड आणि डिसले यांच्या हातात यंत्र होतं, कुमठ्याच्या बाईंच्या हातात चिंचोके. तिघांकडेही एक गोष्ट सारखी होती: मूल कुठे अडतं आणि का अडतं, याची माहिती. ती माहिती कुठल्याही सर्व्हरवर नसते. वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून मिळते.

आता जरा खुपणारी बाजू. २०१७ च्या शिक्षकदिनी केंद्राचा 'दीक्षा' हा मंच सुरू झाला आणि बालभारतीच्या पुस्तकांतले कोड दीक्षाला जोडले गेले. पोच अफाट वाढली. पण परितेवाडीत कोडमागे त्या वर्गाच्या गुरुजींचा आवाज होता. राज्यभर कोड छापला गेला तेव्हा गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या मुलाला आणि पुण्याच्या मुलाला एकच चित्रफीत मिळू लागली. चौकोन गावोगाव गेला, पण त्याच्याबरोबर कन्नड शिकलेला शिक्षक गावोगाव जाणं शक्य नव्हतं. म्हणून काही शाळांत कोड जिवंत राहिला आणि काही ठिकाणी पुस्तकाच्या कोपऱ्यातली नक्षी होऊन बसला.

२०२० ची साथ आली आणि हे सगळं एकदम उघड्यावर पडलं. ज्या घरात स्मार्टफोन एक आणि मुलं तीन, तिथे कोड काय कामाचा? मग शिक्षकांनी मिळेल ते हाताशी धरलं. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली. रेडिओवाले म्हणून आम्हाला तिचं विशेष प्रेम. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' लागली. तिचा भर घरात आणि परिसरात करून बघण्याच्या गोष्टींवर होता. आणि सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठच रंगवून घेतले. मुलं अंतर ठेवून गल्लीतून फिरायची आणि भिंती वाचायची. भिंत चार्ज करावी लागत नाही.

इकडे आपण काय बघत होतो? ९ मार्च २०२० पासून सौदीतल्या शाळा बंद झाल्या. ३० ऑगस्टला 'मद्रसती' हा सरकारी मंच सुरू झाला, आणि जोडीला 'ऐन' या नावाच्या दूरचित्रवाहिन्या होत्या. अरबीत ऐन म्हणजे डोळा, आणि ऐन म्हणजे झराही. अल खर्जचे जुने झरे, ज्यांच्यावर इथली शेती उभी राहिली, त्यांनाही ऐनच म्हणतात. आज ते कोरडे खड्डे आहेत आणि पाणी खोल विहिरींतून येतं. नावाच्या या योगायोगाकडे शब्दांचा नाद असलेल्यांनी जरूर लक्ष द्यावं. आपली मुलं भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत, त्यांचेही वर्ग पडद्यावर. घराघरांत आई एका खोलीत, बाबा दुसऱ्या खोलीत, आणि जेवणाच्या टेबलावर तिसरीतलं मूल आवाज बंद करून बसलेलं. त्या महिन्यांत पुष्कळ आईबाबांना पहिल्यांदा कळलं की आपल्या मुलाला नेमकं काय येत नाही. तोवर ती माहिती फक्त बाईंकडे होती.

हे सगळं आज इथे सांगण्याचं कारण आपल्या मुलांच्या मराठीत आहे. परितेवाडीच्या मुलीची अडचण आठवा: घरची भाषा एक, पुस्तकाची दुसरी. आपल्या मुलांचं तेच आहे, फक्त उलट्या बाजूने. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी-उर्दू, पाट्यांवर अरबी. मराठीचं पुस्तक आणून ठेवलं, कोडवर फोन धरला, चित्रफीत सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला मूल उठून गेलं, असं झालं असेल तर त्यात मुलाचा दोष धरू नका. 'बांधावरून' म्हणजे काय, 'कणीस' म्हणजे काय, हे चित्रफितीने गृहीत धरलेलं असतं. अल खर्जमध्ये वाढलेल्या मुलाने शेत पाहिलेलं असतं ते हमरस्त्यावरून, गोल फिरणाऱ्या फवाऱ्यांचं. गाई पाहिलेल्या असतात त्या मोठ्या डेअरीच्या छपराखाली. तुमच्या मुलाने काय पाहिलंय आणि काय नाही, हे दीक्षाला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

तर डिसले यांनी केलं तेच लहान प्रमाणात घरी करता येतं. गावी फोन लावून आजीला किंवा आजोबांना एक कविता वाचायला सांगा आणि ती ध्वनिमुद्रित करा. अवघड शब्द आले की त्यांनी थांबून सांगावं: बांध म्हणजे आपल्या वावराच्या कडेची ती उंच माती, तू मागच्या मे महिन्यात तिच्यावरून पळत होतास ना, तीच. ही फीत ऑनलाइन साठवणीत ठेवली की तिचा दुवा मिळतो आणि कोणत्याही मोफत क्यूआर बनवणाऱ्या साधनात तो दुवा टाकला की चौकोन तयार होतो. दुवा असलेल्या कुणालाही फीत ऐकता येईल अशी परवानगी दिली आहे का, ते एकदा दुसऱ्या फोनवरून तपासा. बहुतेकांचं इथेच अडतं. चौकोन साधारण बोटाच्या दोन पेरांएवढा छापा, त्याच्या चारी बाजूंना थोडी पांढरी जागा सोडा, आणि गुळगुळीत चमकत्या कागदावर छापू नका, दिव्याखाली फोनला तो वाचता येत नाही. मग धड्याशेजारी, छापील कोड झाकला जाणार नाही अशा बेताने, चिकटवा.

एका शुक्रवारी एक कविता होते. दुसरीच्या पुस्तकापासून सुरुवात केलेली बरी, मूल चौथीत असलं तरी.