रेव्हरंड टिळक : भजन आणि हास्य

पाद्री म्हटला म्हणजे गंभीर मुद्रा, परकी चाल आणि पुस्तकी मराठी, असे चित्र आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र ज्यांनी पार पुसून टाकले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशकास संस्कृताचे अध्ययन झाले, शिक्षकी झाली, नागपुरास ग्रंथकार्य झाले. परंतु मनाची तहान काही भागली नाही. आगगाडीतील एका गोऱ्या प्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवसाचे मोल घराने भरले. पत्नी लक्ष्मीबाई मुलासह सुमारे पाच वर्षे दूर राहिल्या. आप्तांनी पाठ फिरविली. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने परतल्या, आणि १९०० साली त्यांनीही नवा धर्म स्वीकारला. नगरचे हे घर मग अनाथांचे, विद्यार्थ्यांचे व कवींचे आश्रयस्थान झाले. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात गौरविले गेलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, हेही पुढे याच घरात राहिले.

टिळकांचा धर्म बदलला. पण भाषा बदलली नाही, ही त्यांच्या चरित्रातील मर्माची गोष्ट होय. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. विलायती चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मंडळीच्या ओठांवर असत, हृदयात उतरत नसत. टिळकांनी अभंग, ओवी व कीर्तन यांना देवळात मानाची जागा दिली. या प्रश्नाचे महत्त्व केवळ नगरापुरते नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूसही अमेरिकन ब्रेदरन मिशनने आपले ठाणे मांडले. त्या बाजूच्या, तलासरीपर्यंतच्या, वारली पाड्यांत तारप्याच्या सुरावर रात्र रात्र नाच चालतो. ज्यांच्याजवळ स्वतःचे गाणे आहे, त्यांना परके गाणे शिकवून काय साधते? उपदेशकाने आधी ऐकावे, मग गावे, हे टिळकांच्या उदाहरणाने शिकविले.

आता विनोदाविषयी. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. त्यांच्या कवितेत कोवळीक आहे, करुणा आहे; मात्र त्यांच्या जीवनातील हास्य पहावयाचे तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ उघडावी लागतात. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात विद्वान, तापट, उदार आणि व्यवहारात केवळ बालक असा एक पुरुष वावरताना दिसतो. हाती आलेला पैसा टिकू नये, मनात आलेला बेत त्याच क्षणी अमलात यावा, आणि त्याची निस्तरणी पत्नीने करावी, हा क्रम. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचे वेड एवढे की बाजारातून आलेल्या जिनसांवरही पाणी पडे. त्या दोन्ही घरांकडे त्यांनी सारख्याच हसऱ्या नजरेने पाहिले. त्या हसण्यात डंख नाही. दारिद्र्य, वियोग व लोकापवाद यांतून गेलेल्या बाईला रडण्याचा अधिकार होता. तिने हसणे पसंत केले, म्हणूनच टिळक आपणांस पुतळा न वाटता माणूस वाटतात.

१९१२ पासून टिळकांनी ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग संपादिला. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ त्यांनी उभा केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा देहान्त झाला. हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. त्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी पुरा केला. प्रारंभी जिला अक्षरओळखही नव्हती, तिनेच पतीचे महाकाव्य सिद्धीस न्यावे व त्याचे चरित्रही अमर करावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र त्या घराला दुसरे कोणते हवे?