मानसोपचारांची परिणामकारकता

औषधे वा शस्त्रक्रिया यांचा अवलंब न करता, मुख्यत्वे संभाषण आणि उपचारक व रुग्ण यांचे परस्परसंबंध यांच्या साहाय्याने मानसिक व्यथांचे निवारण करणाऱ्या पद्धतींना मानसोपचार म्हणतात. त्यांनी रुग्णाला खरोखर गुण येतो काय, हा प्रश्न आरंभापासून विवाद्य आहे.

व्हिएन्ना येथील वैद्य योझेफ ब्रॉइअर (१८४२–१९२५) याने १८८०–८२ या काळात ‘ॲना ओ.’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या तरुणीवर उपचार केले. लक्षणांच्या मुळाशी असलेले प्रसंग तिने भावनावेगासह कथन केले, की ती लक्षणे ओसरत, असे त्याने नमूद केले. ब्रॉइअर व सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या उन्मादविषयक ग्रंथात (१८९५) हे उदाहरण आले असून मनोविश्लेषणाचा उगम त्यात मानला जातो. तथापि उपचारांनंतरही तिला स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामात ठेवावे लागले होते, हे हेन्री एलेनबर्गर याने १९७२ मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. बेर्टा पापेनहाइम (१८५९–१९३६) हे तिचे खरे नाव. पुढे ती समाजकार्यात अग्रेसर ठरली व १९०४ मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या संघटनेची ती संस्थापक झाली. तिच्या या विकासाचे श्रेय उपचारांना कितपत द्यावे, हे ठरविता येत नाही. एकट्या रुग्णाच्या वृत्तांतावर विसंबण्यातील उणीव यावरून स्पष्ट होते.

हान्स आयसेंक (१९१६–९७) याने १९५२ मध्ये २४ अहवालांचा आढावा घेऊन असे प्रतिपादिले, की मज्जाविकृतीचे सु. दोन-तृतीयांश रुग्ण मानसोपचारांविनाही दोन वर्षांत सुधारतात. त्याने तुलनेसाठी घेतलेले रुग्णगट समतुल्य नव्हते, हा आक्षेप रास्त होता. परंतु त्याच्या आव्हानामुळे नियंत्रित संशोधनाला चालना मिळाली. मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्रित केले. त्यांनुसार उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के व्यक्तींपेक्षा सुस्थितीत आढळली. भिन्न पद्धतींच्या परिणामांत मात्र फारसा फरक दिसला नाही.

यामुळे सर्व पद्धतींना समान असलेल्या घटकांना महत्त्व आले. उपचारकाची समानुभूती, सच्चेपणा व रुग्णाचा विनाअट स्वीकार यांवर कार्ल रॉजर्स (१९०२–८७) याने १९५७ मध्येच भर दिला होता. अशा संबंधात रुग्ण दडपलेल्या भावना निर्भयपणे तपासू शकतो आणि वर्तनाचे नवे पर्याय आजमावू शकतो. तथापि सरासरीवरून विशिष्ट रुग्णाविषयी भाकीत करता येत नाही. काहींना गुण येत नाही, तर काहींची स्थिती बिघडतेही. म्हणून उपचार चालू असतानाच रुग्णाच्या प्रगतीची वेळोवेळी तपासणी करणे अगत्याचे ठरते.